निवृत्त झाल्यावर बघू

३ ऑगस्ट, रविवार

गुरुवारी निवृत्त झालो. पाणीपुरवठा खात्याने निरोपाला भिंतीवरचं घड्याळ आणि ही डायरी दिली. ज्याला आता कुठेच वेळेवर पोचायचं नाही त्याला घड्याळ, आणि ज्याच्या आयुष्यात आता काही घडणार नाही त्याला डायरी. घड्याळ अजून खोक्यातच आहे. डायरी वाया जाऊ नये म्हणून लिहायला घेतली. कोरा कागद दिसला की हात शिवशिवतो. जन्मभर ड्राफ्ट्समन म्हणून नळांचे आणि व्हॉल्व्हचे नकाशे काढले, त्याचा परिणाम.

ही घरी नाही. लेकीच्या बाळंतपणाला जूनमध्ये गेली. माझ्या निरोपापर्यंत परत येणार होती. नात सुखरूप झाली, पण लेकीची तब्येत जरा नरम राहिली, म्हणून "अजून पंधरा दिवस" झाले आणि आता "बघू" झालंय. लेकीचं गाव आगगाडीने एका रात्रीच्या अंतरावर आहे. समारंभात साहेबांनी "वहिनी कुठे आहेत?" विचारलं. त्यांच्यासाठी आणलेला फुलांचा गुच्छ कोणाच्या हातात द्यायचा यावरून गोंधळ झाला आणि शेवटी तोही माझ्याच हातात आला. दोन गुच्छ घेऊन बसमध्ये उभा राहिलो, लोक बघत होते.

आज सकाळचा पेपर जाहिरातींसकट वाचून झाला तरी दिवस तसाच शिल्लक. घरात इतकी शांतता की फ्रिज सुरू झाला तरी दचकायला होतं. म्हणून बाहेर पडलो. ठरवलं काहीच नव्हतं. पाय नेतील तिकडे गेलो आणि पायांनी नदीवरच्या जुन्या दगडी पुलापाशी नेलं. हिचं या पुलाचं टुमणं फार वर्षांचं. खालच्या कट्ट्यावरून कमानी पाण्यात पुऱ्या गोल दिसतात, असं हिने कुठेतरी वाचलं होतं. मी म्हणायचो, लोक पुलावरून जातात, पुलाकडे कोण जातं? निवृत्त झाल्यावर बघू. तर आज बघितला. कमानी खरोखरच गोल दिसतात. एका कमानीची डागडुजी कोणीतरी घाईत उरकली आहे, दगड एका मापाचे नाहीत. बाकावर बसून जुन्या नकाशाच्या पाठीमागे पूल काढला, फोटो काढून हिला पाठवला. उत्तर आलं, "छान."

संध्याकाळी फोन आला.

"जेवलात का?"

"फर्स्टक्लास."

"काय केलं होतं?"

"बटाटे."

"कसे?"

"बटाट्यासारखे."

हसली नाही. नात खांद्यावर झोपली असेल.

६ ऑगस्ट, बुधवार

अंडी उकडत ठेवली आणि पेपर घेऊन बसलो. पाणी आटून अंडी फुटली, त्यातलं एक थेट छताला लागलं. स्टुलावर चढून पुसलं. हिचा फोन आला तेव्हा "आज अंडी केली" एवढंच सांगितलं. हे काही खोटं नाही.

१० ऑगस्ट, रविवार

आज चित्रसंग्रहालयात गेलो. ही शाळेतल्या मैत्रिणींबरोबर एकदा गेली होती. वरच्या मजल्यावरची दालनं त्या दिवशी बंद होती. तेव्हापासून वरचा मजला राहिला, वरचा मजला राहिला, हे वर्षातून एकदा तरी ऐकलेलं. आज वरचा मजला उघडा होता.

मला चित्रातलं काही कळत नाही. आधी चौकटींचे सांधे बघितले. एका भिंतीवर वादळी समुद्राचं भलंमोठं चित्र होतं. त्यापुढे लोक मान तिरकी करून उभे होते, म्हणून मीही केली. जहाज त्या कलाने पाण्यावर टिकणार नाही, पण चित्रकाराला ते सांगणार कोण. पुढच्या कोपऱ्यात एक लहानसं चित्र होतं. खिडकीशी बसलेली एक बाई, मांडीवर शिवण, सुईत दोरा ओवण्यासाठी डोळे बारीक केलेले. खिडकीचं पर्स्पेक्टिव्ह साफ चुकलेलं. तरी तिथून पाय निघेना. पहारेकरी दोनदा चक्कर मारून गेला आणि तिसऱ्यांदा जवळ येऊन म्हणाला, "काका, बरं वाटत नाही का? खुर्ची देऊ?" मी म्हणालो, खिडकी चुकली आहे. तो म्हणाला, असेल. बाईचा चेहरा कोणासारखा होता ते बसमध्येसुद्धा आठवत होतो. नीट लागलं नाही.

खालच्या जिन्यावर एक वयस्क बाई पाय पसरून चित्र काढत बसल्या होत्या. माझ्या हातातला कागद आणि पेन्सिल बघून म्हणाल्या, "तुम्हीपण आमच्यातलेच दिसता." त्या शाळेत चित्रकला शिकवायच्या. आता दर रविवारी चारपाच जणांना घेऊन कुठेतरी चित्रं काढायला जातात. मलाही बोलावलं. मी म्हणालो, मी नळ काढतो. त्या म्हणाल्या, नळही चालतात.

१७ ऑगस्ट, रविवार

बाईंच्या टोळीबरोबर सरकारी बागेतल्या काचघरात. तिथे एक झाड आहे, त्याचं पान ताटाएवढं. एक पान आणून त्यावर जेवायचं, असं ही म्हणायची. पान तोडायला बंदी आहे, पाटी लावली आहे. तिला कळवलं पाहिजे.

या टोळीची एक तऱ्हा आहे. काढून झालं की सगळी चित्रं जमिनीवर उलटसुलट मांडायची. कोणाचं कुठलं ते सांगायचं नाही. मग प्रत्येकाने दुसऱ्याच्या चित्रापुढे उभं राहून त्यात काय दिसतं तेवढं बोलायचं. "छान" म्हणायला सक्त मनाई. बाई म्हणाल्या, "छान म्हणजे मला बघायला वेळ नाही." यावर सगळे हसले. मी जरा उशिरा हसलो.

माझं चित्र कोणाचं हे लपलं नाही, कारण मी खाली सवयीने प्रमाण लिहिलं होतं, एकास वीस. "झाडाला प्रमाण!" असं म्हणून टोळीतला दातांचा डॉक्टर खो खो हसला. चाळिशीचा माणूस, आठवडाभर लोकांच्या तोंडात बघतो आणि रविवारी झाडांकडे. मला काका म्हणतो. पुढच्या रविवारचं ठिकाण कोणी सुचवेना, म्हणून मी नदीच्या मुखाशी असलेल्या दीपगृहाचं नाव घेतलं. सगळ्यांना पसंत पडलं.

चित्र हिला पाठवलं. "छान."

२१ ऑगस्ट, गुरुवार

दुपारी लेकीचा फोन. ऑक्टोबरच्या मध्यावर तिची रजा संपते. एका पाळणाघरात नातीला जागा मिळाली आहे. पण आई राहणार असेल तर ती जागा सोडायची, पोर शाळेत जाईपर्यंत आईच सांभाळेल.

"आई काय म्हणते?" मी विचारलं.

"ती म्हणते, बाबांना विचार."

"माझं काय? मी मजेत आहे. तिला हवं तसं करा."

"नक्की ना बाबा? नाहीतर तुम्हीपण इकडेच या."

दोन खोल्यांत आधीच चारजण. मी कुठे मावणार, गॅलरीत? हसून टाळलं. खरं म्हणजे आडवं कोणाच्या यायचं? लेकीला आईची गरज आहे, ही नातीत रमलेली, मी हातीपायी धड. आपल्यापायी कोणाचं अडू नये, हे तत्त्व मी नोकरीतही पाळलं. फोन ठेवून स्वयंपाकघरात गेलो. कशाला गेलो होतो ते आठवेना. बराच वेळ ओट्याला हात लावून उभा होतो.

३१ ऑगस्ट, रविवार

मागचा रविवार पावसात गेला, दीपगृह आज झालं. आतला जिना गोगलगायीच्या शंखासारखा असतो, हे हिचं म्हणणं तंतोतंत खरं निघालं. ती कधी गेली नाही, मग हे तिला कळलं कसं कोण जाणे. वर पोचेपर्यंत माझा भाता झाला होता. वरून नदी समुद्राला मिळते ती रेघ दिसते, अलीकडे मातकट पाणी आणि पलीकडे हिरवं. रेघ इतकी स्पष्ट की पट्टी ठेवून आखल्यासारखी. "अगं, बघ" असं तोंडातून निघालं. शेजारी डॉक्टर होता. तो म्हणाला, "बघतोय, काका."

फोटो काढला, चित्रही काढलं. आज दोन्ही पाठवली. उत्तरात नुसता अंगठा आला. तिच्याकडे रेंज नसेल.

७ सप्टेंबर, रविवार

धो धो पाऊस. बाईंनी रद्द केलं. घरात बसून दुसरं काही सुचेना म्हणून स्वयंपाकघर काढलं. ओटा, खिडकी, हिची कुंडी. कुंडीतलं रोप वाळलंय. रोज पाणी घालतो असं तिला सांगत आलोय, आणि रोज घालणारच असतो. टेबलाच्या दोन खुर्च्यांपैकी तिच्या खुर्चीवर रद्दी साठली आहे, तीही काढली. खिडकीत तिचं वाचायचं जुनं भिंग, तेही काढलं. जे आहे ते नकाशात दाखवायचंच, ही सवय जात नाही. काढून झाल्यावर बघितलं. मापात बरोबर होतं, पण बघवेना. तिची आठवण येते. लिहून टाकलं, आता लिहिलंच आहे तर असू दे.

हे चित्र पाठवलं नाही. यात तिला दाखवण्यासारखं काय आहे?

१४ सप्टेंबर, रविवार

गावाबाहेरच्या तळ्यावर. दरवर्षी या दिवसांत पांढरे पक्षी उतरतात. कोणी टाळी वाजवली की सगळे एकदम उठतात. आम्हीही वाजवली. एवढी मोठी माणसं टाळ्या वाजवत तळ्याकाठी उभी. पक्षी उठले नाहीत. डॉक्टर म्हणाला, "काका, तुम्हाला कोणीतरी थाप मारली." मी म्हणालो, नाही, हे खात्रीचं आहे. मग आठवलं, ही पहाटेच म्हणाली होती.

बाई म्हणाल्या, "तुमच्याकडे ठिकाणांचा साठा भारी आहे हो. इतकी वर्षं कुठे लपवून ठेवला होता?" मी म्हणालो, वाचन. मनातून बरं वाटलं. आयुष्यात उशिराच, पण मला निसर्गाची आवड लागली. काहींना ती जन्मजात असते.

संध्याकाळी फोनवर ही म्हणाली, "मजा आहे तुमची." मला हायसं वाटलं. मी एकटा कुढत बसलोय अशी तिची समजूत असती तर तिचं तिकडे लक्ष लागलं नसतं. म्हणून तळ्याचं अजून थोडं रंगवून सांगितलं. पक्षी उठले म्हणून सांगितलं. ती म्हणाली, "पहाटे गेला होतात?" मी हो म्हणालो. मग ती एवढंच म्हणाली, "अरे वा. पहाटे."

२४ सप्टेंबर, बुधवार

लेकीचा निरोप आला, आईचे थंडीचे कपडे पाठवा. म्हणजे ठरलं तर. मला कोणी ठरलं असं सांगितलं नाही, पण थंडीचे कपडे मागवणारं माणूस थंडी तिथेच काढणार, हे मला कळतं. मी तरी काय अपेक्षा करत होतो? हवं तसं करा म्हणणारा मीच.

कपाट उघडलं. लेक तपकिरी स्वेटर म्हणाली होती. तीन निघाले, तिन्ही तपकिरी. हिला फोन करून विचारलं.

"अहो, कोपराला ठिगळ आहे तो."

"ठिगळवाला? तो कशाला? चांगला पाठवतो की."

"तोच ऊबदार आहे."

इतकी वर्षं ती तो स्वेटर घालून माझ्या समोर बसत आली आणि ठिगळ मला आज दिसलं. आतून फार बारीक टाक्यांनी लावलं आहे. तिन्ही स्वेटर, शाल आणि लोकरी मोजे खोक्यात भरले. चिकटपट्टी लावली. पत्ता छापील अक्षरांत लिहिला.

२५ सप्टेंबर, गुरुवार

खोकं घेऊन कुरियरच्या दुकानात गेलो. बाहेर दोनतीन माणसं उभी होती. इतक्या गर्दीत कोण थांबणार? परत आणलं.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

आज दुकान रिकामं होतं. पण आभाळ भरून आलेलं, वाटेत खोकं भिजलं असतं तर? परत आणलं. दुकानदाराने हात केला, मीही केला.

२८ सप्टेंबर, रविवार

आज टेकडीवरच्या जुन्या वडाखाली. पारंब्या इतक्या की मूळ खोड कुठलं ते शोधावं लागतं. ही म्हणते त्या झाडाखाली बसलं की आपण एखाद्या मोठ्या घरातली धाकटी आहोत असं वाटतं. लहानपणी एकदा गेली होती. मला तसं काही वाटलं नाही, मुंग्या चावल्या.

चित्रं मांडली. डॉक्टर माझ्यापुढे उभा राहिला. आज मी प्रमाण लिहिलं नव्हतं, त्यामुळे कोणाचं ते त्याला ठाऊक नसावं. निदान त्याने तसं दाखवलं. तो म्हणाला, "हे ज्याने काढलंय तो बाकाच्या अगदी टोकाला बसलाय. मधे बसला असता तर झाड पुरं आलं असतं. इथे अर्धं झाड कागदाबाहेर गेलंय. बाक तर रिकामाच होता."

एकजण म्हणाला, "मागच्या तळ्यातही असंच होतं."

"दीपगृहातही," बाई म्हणाल्या. "मला वाटायचं, ही यांची शैली आहे."

मी तडकलो. म्हणालो, बसायची जागा हा माझा खाजगी प्रश्न आहे आणि मी काही चित्रकार म्हणून जन्माला आलो नाही. उतरताना बाई माझ्या बरोबरीने चालत होत्या. त्या म्हणाल्या, "रागावू नका. घरी कोण असतं तुमच्या?" मी म्हणालो, मी असतो. पुढे त्यांनी विचारलं नाही.

घरी येऊन आतापर्यंतची सगळी चित्रं बाहेर काढली आणि पलंगावर मांडली. त्यांचं म्हणणं खरं आहे. सगळीकडे मी डावीकडच्या टोकाला. हे कधी झालं मला माहीत नाही. सवयीने झालं असेल. बसमध्ये, दवाखान्यात, कोणाच्या घरी, कुठेही बसलो तरी उजवीकडे ही असायची, तिची पिशवी असायची, जागा लागायचीच.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

आज लेकीने सकाळीच फोन केला. आवाज नेहमीचा नव्हता.

"बाबा, स्वेटर अजून आले नाहीत."

"पाठवतो."

"ते राहू दे. एक विचारू? तुम्हाला आई तिथे नको आहे का?"

"हे काय भलतंच?" एवढं कसंबसं म्हणालो.

"मग तिला असं का वाटतं? मी रोज बघते ना. रविवारी तुमचं चित्र येतं, ती ते मोठं करकरून बघते आणि मग पोरीला घेऊन गॅलरीत जाते, उगाचच. काल मी सरळ विचारलं, आई, तुला खरंच इथे राहायचंय का? तर म्हणाली, तिकडे जाऊन तरी काय करू? त्यांना सगळं बघायचंच होतं गं, फक्त माझ्याबरोबर नव्हतं."

मी खुर्चीवर बसलो. तिच्याच खुर्चीवर, रद्दीसकट.

"पूल, बाग, दीपगृह," लेक म्हणत होती, "सगळं तिने सांगितलेलं. तुम्ही प्रत्येक वेळी निवृत्त झाल्यावर बघू म्हणालात. आणि निवृत्त झाल्यावर एकटेच बघून आलात, वर तिला चित्रं पाठवलीत. बाबा, असं कोणी करतं का? सोमवारी मला पाळणाघराला कळवायचंय. आई राहिली तर माझी सोय आहे, मी नाही म्हणणार नाही. पण ती रुसून राहिलेली मला नको आहे."

लेकीने तीनदा "बाबा?" म्हटलं.

दिवसभर हेच डोक्यात आहे. मी तिच्या ठिकाणी जात होतो, हे मला माहीत नव्हतं का? पूल म्हटलं की तिचं बोलणं आठवायचं, दीपगृह म्हटलं की तिचं बोलणं आठवायचं, आणि मला वाटायचं मला निसर्गाची आवड लागली. निसर्ग कसला! मला वाटलं होतं मी तिला काहीतरी नेऊन देतोय. तिच्या हातात मी काय देत होतो, ते आज कळलं.

४ ऑक्टोबर, शनिवार

कामाशिवायचा फोन तिनेच संध्याकाळी करायचा, असं कधी न ठरवता ठरलेलं आहे. आज शनिवारी दुपारी मी केला. तिने घाबरूनच उचलला.

"काय झालं? पडलात का?"

"नाही."

"मग आज कसा फोन?"

काय बोलायचं ते मी कागदावर मुद्दे काढून ठेवलं होतं. कागद समोर होता आणि एकही मुद्दा वाचता येईना. म्हणालो, "तळ्यावरचे पक्षी उठले नव्हते."

"काय?"

"मी पहाटे गेलो नव्हतो. दुपारी गेलो. टाळ्या वाजवल्या, एकही उठला नाही. तुला खोटंच सांगितलं."

"बरं मग?"

"कुंडीतलं रोप वाळलं. मी मजेत नाही. मला तिथे एकट्याने जायचं नव्हतं."

"मग गेलात कशाला?" तिचा आवाज चढला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा चढला. "कोणी जबरदस्ती केली होती? मी मेली वर्षानुवर्षं सांगत होते तेव्हा पेपर खाली येत नव्हता तुमचा. आणि आता दर रविवारी एक चित्र! पोरीला थोपटून झोपवून मी ते बघायचं आणि छान म्हणायचं!"

"दुसरं कुठे जायचं ते मला माहीतच नव्हतं," मी म्हणालो. "घरात बसवेना. बाहेर पडलं की तू म्हणालेलं आठवायचं. कमानी पाण्यात गोल दिसतात. वरचा मजला राहिला. पान ताटाएवढं असतं. जिना शंखासारखा असतो. वडाखाली बसलं की धाकटं झाल्यासारखं वाटतं. जे आठवलं तिथे गेलो. दुसरी ठिकाणं मला येत नाहीत."

पलीकडे नात कुरकुरत होती.

"म्हणजे तुम्ही ऐकत होतात?" ती म्हणाली.

"हो."

"पेपरमागून?"

"पेपरही वाचत होतो."

यावर ती हसली की रडली ते मला फोनवरून कळलं नाही. नाक ओढल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "सगळं ऐकत होतात आणि एकदाही हूं म्हणाला नाहीत. मला वाटायचं मी भिंतीशी बोलते. आणि गेल्या चार महिन्यांत एकदा तरी विचारलंत का, कधी येतेस म्हणून?"

"म्हणालो होतो की, तुला हवं तसं कर."

"ते विचारणं नव्हे हो."

"मग आता विचारतो."

"विचारा."

मी विचारलं. तीनच शब्द होते आणि त्यातलाही मधला अडकला, पुन्हा पहिल्यापासून म्हणावं लागलं. तशी ती लेकीला हाक मारून म्हणाली, "पाळणाघराला हो कळव गं. मी पोरीला तिथे चार दिवस रुळवून देते आणि निघते." लेक मागून काहीतरी म्हणाली. नाराज होती, तिचा आवाज ओला होता. मग तिने स्वतः फोन घेतला. "बाबा, मी तिला रोज सांगत होते मला ती हवी आहे म्हणून. तुम्ही एकदाच सांगितलंत आणि जिंकलात. हे काही बरोबर नाही." मी म्हणालो, खरंच बरोबर नाही. तिला अजून काय सांगणार होतो? तिचीही आईच आहे ती.

१२ ऑक्टोबर, रविवार

सकाळच्या गाडीने आली. वाळली आहे, पोरीने जागरणं करवली असणार. बाईंना काल कळवलं होतं की मी येणार नाही. त्यांनी कारण विचारलं नाही, नुसतं "बरं" म्हणाल्या.

स्टेशनबाहेर बसची वाट बघत बाकावर बसलो. समोर सायकलदुरुस्तीचं दुकान आणि एक अर्धवट पाडलेली भिंत. बघण्यासारखं तिथे काही नाही. बस आली आणि गेली, कारण ती मधेच पोरीला पहिल्यांदा हसताना बघितलं ते सांगत होती. मग गाडीतल्या शेजारणीचं, मग लेकीच्या घरातल्या गळक्या नळाचं. दुसरी बसही गेली. पेपर मी घरून आणला होता, तो बॅगेखाली ठेवला. आज चित्र काढलं नाही. ती बोलत होती आणि मी तिच्याकडे तोंड करून ऐकत होतो.